साडेपाच तासांची चूक

आधी एक फजिती सांगतो. ती माझीच आहे, तेव्हा हसायला हरकत नाही.

अंजनगाव सुर्जीच्या आमच्या शाळेत विज्ञान मंडळातर्फे २०२५ च्या आरंभी एक उपक्रम सुरू केला होता. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आत्या जर्मनीत असतात आणि तेथील प्रयोगशाळेत बॅटऱ्यांवर संशोधन करतात. दरमहा पहिल्या शनिवारी त्यांनी संगणकाच्या पडद्यावरून मुलांशी गप्पा मारायच्या असे ठरले. त्यांच्या सकाळचे दहा म्हणजे आपल्या दुपारचे अडीच. त्यांनी ई-मेलने आमंत्रण धाडले, मी ते कॅलेंडरमध्ये नोंदवून घेतले आणि शिवाय फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिले, 'पहिला शनिवार, दुपारी २.३०'. फेब्रुवारीतली आणि मार्चमधली बैठक छान झाली.

५ एप्रिलचा शनिवार उजाडला. शाळा सकाळची. मुले घरी जाऊन जेवून, डोक्याला रुमाल गुंडाळून, वऱ्हाडच्या उन्हात पुन्हा शाळेत आली. अडीच वाजता मी संगणक लावला, तर पडद्यावर कोणीच नाही! तेवढ्यात आत्याबाईंचा निरोप आला : 'तासभर वाट पाहिली. आता मला निघायला हवे.'

मुले हिरमुसली. मी फोन काढून पाहिला, तर फोनच्या कॅलेंडरमध्ये बैठकीची वेळ दुपारी १.३० अशी होती. शाळेच्या संगणकावरचे कॅलेंडर उघडले. तेथे सकाळी ८.०० होती! फळ्यावर अडीच, फोनवर दीड आणि संगणकावर आठ. एक बैठक आणि तिच्या तीन वेळा.

"सर, माया फोनात तं दीडच दाखवून रायलं होतं," मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी फळ्यावर अडीच लिवलं होतं नं!"

यावर काय बोलणार? फोन बिघडला असेल असे त्याला वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही प्रथम तेच वाटले होते. पण आठवीतली एक मुलगी वहीत काहीतरी मांडत होती. ती उठून म्हणाली, "सर, दीडातून आठ वजा केले तं साडेपाच येते. थे बराबर साडेपाचच कावून येते?"

मित्रहो, हा प्रश्न फार मोलाचा आहे. संगणक, ई-मेल किंवा कॅलेंडर बिघडले की आपण काय करतो? यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो, दोन-चार कळा दाबतो, 'सर्व्हर डाऊन आहे' असे मोघम बोलतो. ताप आला तर डॉक्टर आधी तापमापी लावतात. तसे येथेही आधी चूक मोजायला हवी. चूक किती तासांची, किती दिवसांची, किती पट, हे मोजले की ती कोठे झाली ते पुष्कळदा आपोआप कळते. आमच्या तीन वेळांचेच पाहा.

एक तास आणि साडेपाच तास

फळा आणि फोन यांत फरक होता बरोबर एक तासाचा. युरोपातील बहुतेक देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे सारतात व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. उन्हाळ्यातला संध्याकाळचा उजेड अधिक वापरता यावा हा त्यामागचा मूळ हेतू. २०२५ साली हा बदल ३० मार्चला झाला. हिवाळ्यात आपण जर्मनीच्या साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. आत्याबाईंचे 'सकाळचे दहा' तसेच राहिले, पण आपल्याकडचे अडीच मात्र दीड झाले. फोनच्या कॅलेंडरला हे ठाऊक होते, कारण आमंत्रणात नुसती वेळ नव्हे, तर ती कोणत्या शहराच्या घड्याळाची हेही लिहिलेले असते. जगातील सर्व प्रदेशांचे असे नियम एका मोठ्या कोष्टकात नोंदलेले आहेत. अमेरिकेतील आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात ते जमवायला सुरुवात केली आणि आज बहुतेक फोन व संगणक त्याच्याच आधारे चालतात. फळ्याजवळ मात्र असे कोष्टक नव्हते. म्हणजे फोन बरोबर होता. चूक होती ती माझी, गुरुजींची!

आता साडेपाच तासांकडे वळू. जगभर व्यवहारासाठी एक सामाईक वेळ मानलेली आहे. तिला समन्वित जागतिक वेळ म्हणतात. सोयीसाठी आपण नुसते 'जागतिक वेळ' म्हणू. ती सुमारे ० रेखांशाची, म्हणजे इंग्लंडमधील ग्रीनिचची वेळ. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटे, म्हणजेच साडेपाच तास. ही वेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली. मुंबईकरांनी ती सहजासहजी मान्य केली नाही, बरे का! तेथील महापालिका १९५५ पर्यंत स्वतःची 'मुंबई वेळ' वापरत होती आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. त्या काळी मुंबईत कोणी 'पाच वाजता भेटू' म्हटले, तर 'कोणते पाच?' असे विचारणेच शहाणपणाचे ठरत असणार.

कॅलेंडरची आज्ञावली बैठकीची वेळ पडद्यावर दाखवताना आपल्या यंत्राला विचारते, 'तू कोणत्या प्रदेशात आहेस?' आणि त्या उत्तराप्रमाणे बेरीज-वजाबाकी करते. शाळेच्या संगणकात कोणीतरी कधीकाळी प्रदेश म्हणून 'जागतिक वेळ' निवडून ठेवली होती. त्यामुळे जर्मनीचे उन्हाळ्यातले सकाळी १० हे त्याने जागतिक वेळेनुसार ८ असे दाखवले. आपल्या वेळेत ते १.३० होतात. दीडातून आठ गेले (म्हणजे १३.३० मधून ८.०० गेले), बाकी साडेपाच!

"पण सर, संगणकाच्या कोपऱ्यातलं घड्याळ तं बराबर वेळ दाखवते," मुलांनी शंका काढली. शंका रास्त होती, आणि या दुखण्याची खरी गोम नेमकी तेथेच आहे. प्रदेश चुकीचा निवडल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे पडले असणार. तेव्हा कोणा उत्साही गृहस्थाने प्रदेश न बदलता घड्याळाचे काटेच पुढे ढकलले आणि इंटरनेटवरून आपोआप वेळ लावण्याची सोय बंद करून टाकली. घड्याळ दिसायला बरोबर झाले, पण संगणकाची समजूत अशी झाली की जागतिक वेळच दुपारचा अडीच आहे.

याचा आणखी एक परिणाम पाहा. त्या संगणकावरील ई-मेलच्या आज्ञावलीतून धाडलेली पत्रे भविष्यकाळातून आल्यासारखी दिसत. दुपारी १२ वाजता पाठवलेल्या पत्रावर संध्याकाळी ५.३० चा शिक्का! शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीतून एकदा विचारणाही झाली होती की, तुमचे पत्र अजून लिहायच्या वेळेआधीच आमच्याकडे कसे पोचले? आम्ही तो विनोद समजलो होतो.

उपाय अगदी सोपा, पण क्रम महत्त्वाचा. आधी प्रदेश 'कोलकाता' निवडायचा (भारताची प्रमाणवेळ त्या कोष्टकात कोलकात्याच्या नावाने आहे, म्हणून 'अंजनगाव' किंवा 'मुंबई' शोधत बसू नका), मग आपोआप वेळ लावण्याची सोय चालू करायची. हाताने काटे ढकलायचे नाहीत.

अशाच आणखी काही खुणा आहेत. चूक साडेबारा किंवा साडेतेरा तासांची असेल, तर यंत्रात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ निवडलेली असते. पुष्कळ आज्ञावल्या तिकडे तयार होतात, म्हणून असे घडते. उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा का, ते आता तुम्हीच सांगू शकाल. चूक थोड्या सेकंदांची किंवा मिनिटांची असेल, तर संगणकाला बरेच दिवस इंटरनेट मिळालेले नाही असे समजा. त्याच्या पोटात गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, एक बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावत असतो. ही संख्या विचित्र वाटते, पण ती निम्मी-निम्मी करत जा : पंधराव्या वेळी बरोबर १ उरतो. मनगटी घड्याळातही हाच स्फटिक असतो. त्यात दहा लाखांत वीस एवढी चूक असली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला पाऊण मिनिटाहून अधिक फरक पडतो. म्हणून तो अधूनमधून इंटरनेटवरील नेमक्या घड्याळाशी ताडून घ्यावा लागतो. आपल्या देशाची नेमकी वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सीझियमच्या अणुघड्याळांवर राखली जाते.

आणि चूक काही वर्षांची असेल तर? दिवाळीची सुटी संपवून आलो की शाळेतला एखादा जुना संगणक हमखास दहा-पंधरा वर्षे मागे गेलेला असे. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा एक विद्युत्‌घट आत असतो. त्याच्यावर २०३२ असा आकडा असतो : २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. तो संपला की वीज गेल्याबरोबर संगणक तारीख विसरतो. अशा वेळी घड्याळाची तक्रार कोणी करत नाही. तक्रार येते ती 'ई-मेल उघडत नाही, जोडणी सुरक्षित नाही असे सांगते' अशी. त्याचे कारण मजेदार आहे. ई-मेलचे संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असे लिहिलेले असते. ज्या संगणकाच्या मते आज २०१० साल आहे, त्याला ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नाही असे वाटते! तो बिचारा प्रामाणिकपणे दार लावून घेतो. पासवर्ड बदलून, मेल पुन्हा पुन्हा उघडून काही उपयोग नाही. घट बदला. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो.

एक दिवस आणि अकरा दिवस

परदेशी नातेवाईक असणाऱ्या घरांत एक तक्रार नेहमी ऐकू येते : 'आजीचा वाढदिवस मुलाच्या कॅलेंडरमध्ये आदल्या दिवशी दिसतो.' चूक बरोबर एका दिवसाची. वाढदिवस ही काही ठरावीक क्षणी घडणारी घटना नाही. तो अख्ख्या दिवसाचा असतो आणि प्रत्येक गावी तेथील मध्यरात्री सुरू होतो. पण नोंद करताना कोणी 'पूर्ण दिवस' ही खूण न करता 'रात्री १२ वाजता' अशी वेळ टाकली, तर तो एक क्षण होतो. अंजनगावची १५ तारखेची मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेनुसार १४ तारखेचे सायंकाळचे ६.३०, आणि अमेरिकेत तर १४ तारखेची सकाळ किंवा दुपार. १९९८ साली कॅलेंडरच्या नोंदी एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्याचे जे सर्वमान्य नियम ठरले, त्यांत 'दिवस' आणि 'क्षण' यांना मुद्दाम वेगवेगळे ठेवले आहे. आपणच त्यांची गल्लत करतो.

२९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांची नोंद 'दरवर्षी' अशी केली, तर पुष्कळ कॅलेंडरे ती चार वर्षांतून एकदाच दाखवतात. दरमहा ३१ तारखेला भरायच्या हप्त्याची नोंदही अशीच अधूनमधून गायब होते. त्यात बिघाड काहीच नाही.

अकरा दिवसांची चूक मात्र आपल्या खास परिचयाची. एकाने २०२४ साली ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी नोंदवली आणि 'दरवर्षी' अशी खूण केली. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला बसले, म्हणजे कॅलेंडर अकरा दिवस उशिरा आठवण करणार! बारा चांद्रमास म्हणजे सुमारे ३५४ दिवस, तर सौर वर्ष ३६५ दिवसांचे. वजाबाकी करा. २०२६ साली मात्र अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणेश चतुर्थी एकदम १४ सप्टेंबरवर गेली. घरच्या भिंतीवरील पंचांगाला हा हिशेब येतो, फोनमधल्या 'दरवर्षी' या खुणेला येत नाही. तिथीने येणारे सण आणि श्राद्धे दरवर्षी नव्याने नोंदवणे किंवा सणांचे तयार कॅलेंडर जोडून घेणे, हेच बरे.

पत्र कोणत्या स्टेशनावर अडले?

आता ई-मेलकडे वळू. 'मी सकाळी पाठवले, त्यांना संध्याकाळी मिळाले' किंवा 'मिळालेच नाही' ही सर्वांत सामान्य तक्रार. येथेही मोजण्यासारखे काही आहे का? आहे तर! फक्त ते झाकलेले असते.

ई-मेल तुमच्या यंत्रातून थेट मित्राच्या यंत्रात उडी मारत नाही. ते टप्प्याटप्प्याने जाते. मूर्तिजापूर ते अचलपूर या अरुंद मार्गावर पूर्वी धावणारी आपली शकुंतला आठवा. समजा, अचलपूरहून एक पार्सल निघाले आणि पथ्रोट, अंजनगाव, दर्यापूर अशा प्रत्येक स्टेशनावर मास्तरांनी त्यावर वेळेचा शिक्का मारला. मूर्तिजापूरला ते उशिरा पोचले, तर शिक्के वाचून कोठे खोळंबा झाला ते लगेच सांगता येईल. ई-मेलवरही प्रत्येक टप्प्याचा संगणक, म्हणजे सर्व्हर, असाच शिक्का मारतो : 'अमक्याकडून मिळाले, अमुक वाजता'. नवा शिक्का नेहमी जुन्याच्या वर मारला जातो, म्हणून ते खालून वर वाचायचे. पत्र उघडून 'मूळ संदेश दाखवा' अशा अर्थाची कळ शोधा, म्हणजे हे शिक्के दिसतील. वेळेपुढे '+०५३०' असे असेल, तर ती भारतीय वेळ. '+००००' असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. मग लागोपाठच्या दोन शिक्क्यांची वजाबाकी करा. बहुतेक ठिकाणी एक-दोन सेकंद येतील आणि एका जागी एकदम चार तास. चोर तेथेच! वजाबाकी ऋण आली, म्हणजे पत्र निघण्याआधीच पोचले, तर? तर कोणाचे तरी घड्याळ चुकले आहे. आमच्या शाळेच्या संगणकाची गोष्ट वर आलीच आहे.

पत्रावर लिहिलेली तारीख आणि पत्र पोचल्याची तारीख यांत गोंधळ करू नये. आपल्या गावाच्या इतिहासातलेच उदाहरण घ्या. दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातील सुर्जी-अंजनगावच्या तहावर ३० डिसेंबर १८०३ ही तारीख आहे. ती लेखकाच्या हातची तारीख. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजांच्या त्या काळी असली बातमी लंडनला पोचायला महिने लागत. तेथल्या दप्तरात पडणारी तारीख वेगळी. ई-मेलमध्ये पहिली तारीख पाठवणाऱ्याचे यंत्र लिहिते आणि दुसऱ्या वाटेवरचे सर्व्हर लिहितात. शंका आली तर दुसऱ्यांवर विश्वास ठेवावा.

टप्प्याटप्प्याने पत्र पुढे सरकवण्याची ही रीत जुनी आहे. १९८६ साली सुरू झालेल्या 'एर्नेट' प्रकल्पात मुंबईला जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईचे आय.आय.टी. यांच्यात साध्या टेलिफोनच्या तारांवरून ई-पत्रे जाऊ लागली, तीही अशीच. पुढचे स्टेशन बंद असेल, तर पत्र मागच्या स्टेशनात थांबायचे.

पत्र पोचलेच नाही, तर 'मेलर डीमन' अशा भयंकर नावाने एक उत्तर येते. पुष्कळ लोक ते विषाणू समजून न वाचताच पुसून टाकतात. तसे करू नका, कारण त्यात तीन अंकी संख्या असते. ती ४ ने सुरू होत असेल तर अर्थ असा : 'आत्ता जमत नाही, नंतर या.' पाठवणारा सर्व्हर स्वतःच पुन्हा पुन्हा, साधारण चार-पाच दिवसांपर्यंत, प्रयत्न करतो. काही सर्व्हर तर अनोळखी पाहुण्याला पहिल्या खेपेला मुद्दामच 'नंतर या' म्हणून परत धाडतात. खरा पोस्टमन पुन्हा येतो, जाहिरातींचा रतीब घालणारा सहसा येत नाही. म्हणून नव्या माणसाचे पहिले पत्र दहा-पंधरा मिनिटे उशिरा मिळाले, तर घाबरायचे कारण नाही. संख्या ५ ने सुरू होत असेल, तर पत्र कायमचे नाकारले गेले. ५५० म्हणजे बहुधा असा पत्ताच नाही : एखादे अक्षर चुकले आहे का ते पाहा. येथे एक सावधगिरी हवी. असे खरे उत्तर तुमचा पासवर्ड कधीही विचारत नाही. 'तुमची पेटी भरली आहे, पासवर्ड द्या' असे सांगणारे पत्र हे लबाडाचे असते.

पाचशे मैलांपलीकडे न जाणारे पत्र

चूक मोजल्याने काय घडू शकते याचा मला सर्वांत आवडणारा किस्सा अमेरिकेतला आहे. ट्रे हॅरिस हे १९९० च्या दशकात उत्तर कॅरोलायनातील एका विद्यापीठात ई-मेलची व्यवस्था पाहत असत. एके दिवशी संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला : 'आमचे ई-मेल पाचशे मैलांपलीकडे जात नाही.' हॅरिस यांना ही थट्टाच वाटली. ई-मेलला मैल काय ठाऊक? पण संख्याशास्त्रज्ञ ते! त्यांनी काही दिवस नोंदी ठेवून चक्क नकाशा तयार केला होता. हॅरिस यांनी स्वतः जवळची, दूरची गावे निवडून पत्रे पाठवली. खरोखरच पाचशे मैलांच्या थोडे पलीकडे गेले की पत्र अडायचे.

शेवटी उलगडा झाला. कोणी तंत्रज्ञाने सर्व्हरची दुरुस्ती करताना पत्रे पाठवणारी आज्ञावली नकळत जुनी बसवली होती. नव्या आज्ञावलीसाठी लिहिलेल्या सूचना जुनीला कळेनात, आणि 'पलीकडच्या उत्तराची किती वेळ वाट पाहायची' या रकान्यात शून्य पडले. प्रत्यक्षात यंत्र शून्याऐवजी सुमारे ३ सहस्रांश सेकंद थांबे. आता गुणाकार करा. प्रकाश सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर जातो. ३ सहस्रांश सेकंदांत तो ९०० किलोमीटर जाईल, म्हणजे सुमारे ५६० मैल! विजेचा संदेश प्रकाशाहून वेगाने जाऊ शकत नाही. म्हणून लांबच्या गावाचे उत्तर येण्याआधीच आमचा अधीर सर्व्हर फोन खाली ठेवून मोकळा होई.

तुमच्यातला एखादा चिकित्सक म्हणेल, संदेश जाऊन परत यायचा, मग अंतर निम्मे नको का? शिवाय काचतंतूत प्रकाश सुमारे दोन तृतीयांश वेगानेच जातो. शंका अचूक आहे. २००२ साली ही हकिकत प्रसिद्ध करताना रंजकतेसाठी आपण काही तपशील गाळले-बदलले आहेत, असे हॅरिस यांनी स्वतःच सांगून ठेवले होते. तरीही गंमत म्हणून असा अधीर सर्व्हर अंजनगावात बसवला आहे असे समजा आणि ९०० किलोमीटरचे कंपास फिरवा. मुंबई सरळ रेषेत पाचशेच्या थोडी पलीकडे : पत्र जाईल. दिल्ली सव्वाआठशेच्या आसपास : जाईल. चेन्नई थोडक्यात हुकेल आणि कोलकात्याचे पत्र परत येईल. ॲटलास घेऊन ताडून पाहा.

सव्वापट आणि तिप्पट

दोन दुखणी अशी आहेत की जेथे चूक 'पटीं'त मोजावी लागते. पेटीची मर्यादा २५ एम.बी. आहे, स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांची पिशवी २० एम.बी.ची आहे, तरी ती 'फार मोठी' म्हणून परत येते. कारण असे की ई-मेलची रीत मुळात साध्या रोमन मजकुरासाठी आखलेली होती. छायाचित्र त्यातून न्यायचे, तर त्याला अक्षरांचा वेष चढवावा लागतो. मूळच्या तीन बाइट्स, म्हणजे २४ बिट, घेऊन त्यांचे सहा-सहा बिटांचे चार भाग पाडतात आणि प्रत्येक भागासाठी एक अक्षर लिहितात. तीनाचे झाले चार! २० एम.बी. चे झाले पावणेसत्तावीस. मग १८ एम.बी. ची पिशवी जाईल का, आणि १९ ची? सोडवून पाहा. आता तुमच्या लक्षात आले असेल की मथळ्यातले 'सव्वापट' चुकले आहे. ते 'एक आणि एक तृतीयांश पट' असे हवे, पण मथळ्यात मावत नव्हते.

दुसरे दुखणे मराठीचे. पत्र उघडावे तर 'मराठी' या शब्दाच्या जागी विचित्र रोमन चिन्हांची रांग! लोक म्हणतात, 'फॉन्ट नाही.' घाई करू नका, चिन्हे मोजा. 'मराठी' या शब्दात संगणकाच्या दृष्टीने पाच खुणा आहेत : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक देवनागरी खूण तीन बाइट्स घेते. वाचणाऱ्या यंत्राने प्रत्येक बाइटला स्वतंत्र अक्षर मानले, तर पाचाची जागा पंधरा घेतात. (त्यांतली एखाद-दुसरी न दिसणारीही असते.) दर तिसरे चिन्ह तेच ते, डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए' असते, कारण मराठीच्या प्रत्येक खुणेचा पहिला बाइट एकच असतो. ही तिप्पट रांग दिसली तर आनंद माना! मजकूर शाबूत आहे, फक्त वाचायची रीत चुकली आहे. अक्षरसंकेत बदलून 'यूटीएफ-८' निवडले की मराठी परत येते. पण पाच खुणांच्या जागी पाचच प्रश्नचिन्हे आली, तर मात्र वाटेत कोणीतरी मूळ अक्षरे टाकून देऊन त्या जागी प्रश्नचिन्हे ठेवली आहेत. मग पत्र पुन्हा मागवण्यावाचून गत्यंतर नाही.

करून पाहा

आमची एप्रिलची बैठक बुडाली ती बुडालीच. मेपासून फळ्यावर वेळ लिहिणे मी बंद केले. त्याऐवजी आठवीतली ती मुलगी बैठकीच्या आदल्या दिवशी दोन्हीकडच्या वेळा वजाबाकी करून ताडून पाहते आणि सर्वांना कळवते.

संगणकाच्या सगळ्या वेळा जुळल्यावर मुलांनी आणखी एक चूक शोधून काढली. मैदानात उभ्या केलेल्या काठीची सावली सर्वांत आखूड होते, ती दुपारी १२ वाजता नव्हे! अंजनगाव सुमारे ७७.३ अंश पूर्व रेखांशावर आहे. ८२.५ वजा ७७.३ म्हणजे ५.२ अंश, आणि अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने जवळजवळ २१ मिनिटे. म्हणजे सूर्य आपल्या माथ्याच्या रेषेवर सरासरीने १२ वाजून २१ मिनिटांनी येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे प्रत्यक्षात ही वेळ वर्षभर मागेपुढे होते. फेब्रुवारीच्या मध्याला ती १२.३५ च्या सुमारास असते, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२.०५ च्या जवळपास. १६ एप्रिल आणि १ सप्टेंबरच्या आसपास मात्र ती हिशेबाप्रमाणे १२.२१ अशी मिळायला हवी. एक मीटर उंचीची सरळ काठी, ओळंबा, खडू आणि इंटरनेटवरून नीट लावलेले घड्याळ घ्या. १२ पासून १२.४५ पर्यंत दर तीन मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा आणि लांबी मोजून आलेख काढा. तुमच्या गावाचा रेखांश ॲटलासमधून घेऊन उत्तर आधी वहीत लिहून ठेवा, मगच मैदानात जा. डोक्याला रुमाल बांधायला मात्र विसरू नका.